गळमासेमारी, कार्पची (खानदेश)

कार्प कुलातील गोड्या पाण्यातले मासे काठी, दोरा व गळ यांनी पकडण्याची जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील पद्धत आणि तिची साधने. भोई, कोळी इ. समाजांची जाळ्याची मासेमारी हा वेगळा विषय असून तो येथे घेतलेला नाही. तापी व तिच्या पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा, गोमई या उपनद्यांचे डोह, हतनूर व गिरणा धरणांचे जलाशय आणि नवापूर भागात शिरलेला उकाई धरणाचा फुगवटा ही तिची प्रमुख स्थळे. खानदेशच्या अहिराणी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, त्यामुळे गळाचा ‘गय’ होतो.

दख्खनमधील गळमासेमारीचे सर्वांत तपशीलवार जुने वर्णन कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथातील मत्स्यविनोद प्रकरणात येते. ग्रंथाचा काळ ११२९ ते ११३१ च्या सुमारास धरतात. काठी, दोरा, गळ आणि माशागणिक वेगळे आमिष यांचा विचार त्यात आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाचा मत्स्यविज्ञानाच्या अंगाने अभ्यास केला. मात्र हे राजविलासाचे वर्णन आहे. त्यावरून बाराव्या शतकातील तापीकाठच्या रीतीविषयी अनुमान काढताना सावधगिरी हवी.

रोहू, कटला व मृगळ हे मासे तापीचे मूळचे की बाहेरून आलेले, याविषयी एकमत नाही. या तिघांची शास्त्रीय वर्णने निसर्गशास्त्रज्ञ फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेतील माशांवरून केली. कटल्याच्या नैसर्गिक प्रसाराची दक्षिण सीमा काही जुने लेखक कृष्णेपर्यंत नेतात, तर तिन्ही मासे मुळात सिंधू, गंगा व ब्रह्मपुत्रा खोऱ्यांतले असून द्वीपकल्पात माणसाने आणले, असे दुसरे मत आहे. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मृगळाच्या बाबतीत मात्र ते तितक्या ठामपणे मांडता येत नाही. प्रेरित (टोचणीने घडवलेल्या) प्रजननाच्या आधी मत्स्यबीज म्हणजे माशांची पिले बंगालच्या नद्यांतून गोळा होऊन रेल्वेने दूरवर जात असे. भुसावळ हावडा–मुंबई मार्गावर आहे, पण एवढ्यावरून तापीतील बीज त्याच वाटेने आले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी व के. एच. अलीकुन्ही यांनी पोषग्रंथीचा (पिट्यूटरीचा) अर्क टोचून कार्पचे प्रजनन घडवले आणि त्यानंतर जलाशयांत बीज सोडणे सर्वत्र सुलभ झाले. ईशान्येकडील मासे सातपुड्याच्या रांगेने पश्चिम घाटापर्यंत पसरले, हा होरांचा प्रसिद्ध सातपुडा सिद्धांत या वादात कधीकधी ओढला जातो. तो डोंगरी ओढ्यांतील माशांविषयी आहे, मैदानी कार्पविषयी नाही. बाजारात ‘सिप्रिनस’ म्हणून मिळणारा मासा (सामान्य कार्प) निःसंशय परका आहे. त्याचा मिरर प्रकार १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आला आणि आज खेड्यापाड्यांत पोचलेला बँकॉक प्रकार १९५७ मध्ये. चांदेरी व गवत्या कार्प १९५९ मधले.

साधनांची निवड माशाच्या तोंडावरून ठरते. कटल्याचे तोंड वर वळलेले असून तो वरच्या थरातील सूक्ष्मजीव गाळून खातो. रोहू मधल्या थरात, मृगळ व सिप्रिनस तळाशी चरतात. म्हणून कटल्यासाठी तरंगीखाली (दोऱ्यावरच्या तरंगत्या खुणेखाली) अधांतरी टांगलेला, सहज विरघळणारा पिठाचा गोळा व त्याभोवती तीन-चार लहान गळ, तर सिप्रिनससाठी शिशाच्या वजनाने तळाशी टेकवलेला एकच गळ वापरतात. कार्पच्या जबड्यात दात नसतात. ते घशात असतात, त्यामुळे मरळ किंवा शिंगाळ्यासाठी लागते तशी तार गळाला लावण्याची गरज नसते. सिप्रिनसच्या पाठीवरच्या परातील पहिला कठीण काटा मात्र करवतीसारखा असून ताणलेला दोरा त्यावर घासून तुटतो. दोरा म्हणजे नायलॉनचा तंगूस, ०.३० ते ०.३५ मिमी. जाडीचा बहुधा पुरतो. तो उन्हाने ठिसूळ होतो आणि खानदेशातील उन्हाळा पाहता दर वर्षी बदलणे शहाणपणाचे. गाठ ओली करून आवळावी. कोरडी आवळल्यास घर्षणाच्या उष्णतेने दोरा तिथेच कमजोर होतो. गळाच्या क्रमांकात आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, हे नवख्याला उलटे वाटते. पूर्वीची वेळूची काठी व ज्वारीच्या ताटातील भेंडाची तरंगी अजून दिसतात. रीळ वापरणारे फायबरची काठी घेतात.

सिप्रिनस आमिष ओढून घेतो, चाचपतो आणि संशय आल्यास थुंकतो. या सवयीवर इंग्लंडमध्ये १९८० च्या सुमारास लेन मिडलटन व केव्हिन मॅडॉक्स यांनी ‘हेअर रिग’ ही जोडणी काढली. तीत आमिष गळावर न खोवता बारीक धाग्याने गळाच्या मागे लोंबते (सुरुवातीला खरोखरच माणसाचा केस वापरला). थुंकताना मोकळा गळ ओठात रुततो. पिठाच्या मऊ गोळ्याला ती निरुपयोगी. भिजवून उकडलेला हरभरा किंवा मका तिच्यावर नीट बसतो.

आमिषासाठी कणीक, गांडूळ, शेंगदाण्याची व सरकीची पेंड वापरतात. कळण्याच्या (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या) पिठात उडीद असल्याने त्याचा गोळा निव्वळ ज्वारीच्या पिठापेक्षा चिवट होतो.

हिवाळ्यात धुळे–जळगाव पट्ट्यात किमान तापमान कधीकधी ५–६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. जलाशयाचे पाणी इतके थंड होत नाही, पण माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलत असल्याने पचन मंदावते. पाणी २० अंशांखाली गेले की रोहू व कटला यांचे खाणे घटते आणि १५ च्या आसपास जवळजवळ थांबते. सिप्रिनस त्याहून थंड पाण्यातही थोडे खातो. म्हणून थंडीत कटल्यामागे वेळ घालवण्यापेक्षा सिप्रिनसकडे वळणे बरे. मासे जमवण्यासाठी पाण्यात टाकायचा चारा मूठभरच टाकावा, कारण पोट भरलेला मासा पुन्हा गळाकडे येत नाही. आमिष हरभऱ्याच्या दाण्याएवढे, गळ एक-दोन क्रमांक लहान आणि तंगूस बारीक घ्यावा. मासा ओढ जोरात देत नाही, त्यामुळे तरंगी इतकी हलकी हवी की नुसते टोक डोलले तरी दिसावे. पहाटेचा उन्हाळी परिपाठ येथे उपयोगी नाही; उन्हाने उथळ काठ तापल्यावर, साधारण ११ ते ४ या वेळात, बसावे.

सुरुंग व विष यांनी मासे मारण्यास कायद्याने बंदी आहे. जलाशय बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. तेथे गळ टाकण्यापूर्वी संस्थेची परवानगी घ्यावी लागते.