यादी धरायची की जागा?

हिवाळ्यात उजाडायच्या आत गळ्यात दुर्बीण अडकवून सोलापुरातून बार्शी रस्त्याला लागणारे दोघे जण लांबून सारखेच दिसतात. टोपी, पाण्याची बाटली, खिशात वही, सगळं तेच. लोक दोघांनाही पक्षीनिरीक्षक म्हणतात. पण एकाने यादी धरलेली असते आणि दुसऱ्याने जागा. ‘आजवर न पाहिलेलं काय मिळेल?’ हा पहिल्याचा प्रश्न. दुसऱ्याचा प्रश्न, ‘या बांधावर आज काय चाललंय?’ नव्याने दुर्बीण घेणाऱ्याला या दोन गोष्टी एकच वाटतात. मग यादी वाढली नाही की त्याला सकाळ वाया गेल्यासारखी वाटते.

यादीची सुरुवात बातमीने होते. उजनी धरणाच्या फुगवट्यावर काहीतरी वेगळं उतरलंय असं कळतं, गाडी निघते, पक्षी दिसतो, फोटो निघतो, खूण होते. यात वाईट काही नाही. चांगला यादीवाला झटपट ओळख पटवायला शिकतो. अडचण अशी की त्याच्या सकाळीचा निकाल दोनच प्रकारचा: मिळाला किंवा नाही मिळाला.

बार्शी रस्त्यावरच्या नान्नजचंच उदाहरण घ्या. माळढोकासाठी इथलं अभयारण्य 1979 साली जाहीर झालं. 2011 पासून हा पक्षी ‘अति संकटग्रस्त’ गणला जातो आणि आता नान्नजला तो दिसणं फारच विरळ झालं आहे. फक्त त्याच्यासाठी येणारा माणूस बहुधा रिकाम्या हाताने परततो. त्याच सकाळी त्याच माळावर डोंबारी चंडोलाचा नर पंख फडफडवत वर चढतो, शीळ घालत खाली झेपावतो, पुन्हा उसळतो आणि शेवटी एका ढेकळावर उतरतो. धाविक चार पावलं पळतो, थबकतो, वाकून किडा टिपतो, पुन्हा पळतो. हिवाळ्यात भोवत्या हा शिकारी पक्षी गवताच्या शेंड्यांना घासून तरंगत जातो. यादीवाल्याच्या हिशेबात हे सगळे ‘आधीच झालेले’.

हवंहवंसं वाटलं की डोळे फसतात, हेही लक्षात ठेवावं. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरच्या हवेतून पाहताना आकृती थरथरते, ताणली जाते. अशा वेळी लांबचा राखी बगळाही मनातला पक्षी वाटू लागतो. उन्हाळ्यात साडेआठनंतर लांबच्या पक्ष्याची ओळख पक्की मानू नये. दुर्बीण कितीही महाग असली तरी हवेची थरथर तिला पुसता येत नाही.

जागा धरणं वेगळं. त्यासाठी घरापासून दहा-पंधरा मिनिटांवरची जागा निवडावी: कंबर तलावाचा काठ, सिद्धेश्वर तलाव, हिप्परग्याचा एकरुख तलाव किंवा ज्वारीच्या शेताचा बांध. ती फार नावाजलेली नसली तरी चालेल, पण दर आठवड्याला जाता आलं पाहिजे. सकाळी पूर्वेच्या काठावर बसावं, म्हणजे सूर्य पाठीशी राहतो आणि पक्ष्यांचे रंग दिसतात. पश्चिमेला बसलात तर पाण्यावरचं सगळं काळंच दिसेल.

निदान चाळीस मिनिटं बसावं. पहिली दहा मिनिटं फारसं काही हलत नाही, कारण तुमच्या येण्याने पक्षी दबकलेले असतात. बहुतेक लोक इथेच कंटाळून उठतात. त्यानंतर टिबुकली पुन्हा बुड्या मारू लागते, वंचक गळा आखडून काठावर येतो, वारकरी नावाचे काळे पाणपक्षी एकमेकांच्या अंगावर धावून जातात. वहीत तारीख, वेळ, हवा, पक्षी, संख्या एवढं लिहाच, पण सगळ्यांत मोठा रकाना ‘काय करत होता’ यासाठी ठेवा. खरी गोडी त्या रकान्यात आहे. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सिद्धेश्वर तलावाच्या नोंदीपुढे ‘गर्दी’ असा शेरा मारावा, नाहीतर पुढच्या वर्षी आकडे जुळवताना घोटाळा होतो.

दुर्बीण 8×42 ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि 42 मिलिमीटर भिंगाची, पुरे. दहापट मोठी दाखवणारी घेतली की हाताची थरथरही दहापट होते आणि दिसणारा भाग आक्रसतो. पहिल्या दिवशी एक काम करून टाका: उजवी बाजू झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर चित्र स्पष्ट करा, मग डावी बाजू झाकून उजव्या भिंगाजवळची कडी फिरवा. हे न केल्याने अर्ध्या तासात डोळे दुखतात आणि दोष दुर्बिणीला दिला जातो.

जागा धरण्याने काय हाती लागतं, ते टिटवीवरून कळेल. टिटवी सगळ्यांच्या ओळखीची, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. पण सोलापूरच्या आसपास टिटव्या दोन आहेत. साधी टिटवी बहुधा पाण्याच्या जवळपास असते. तिच्या डोळ्यापुढे लाल कातडीची पाळी, चोच लाल आणि टोकाला काळी, गळा-छाती काळी. माळटिटवी कोरड्या उघड्या माळावरची. तिची पाळी पिवळी, डोक्यावर काळी टोपी, टोपीखाली बारीक पांढरी रेघ, छाती मातकट. पाय पाहून ओळखू नका, दोघींचेही पिवळेच. आवाज मात्र कामाला येतो: साधी टिटवी रान डोक्यावर घेते, माळटिटवीचा सूर त्यामानाने बारीक.

दोघीही जमिनीवरच, खड्यांमध्ये अंडी घालतात, बहुधा चार. अंड्यांचा रंग आजूबाजूच्या मातीखड्यांसारखा. उन्हाळ्यात त्या पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवतात आणि तशाच ओल्या येऊन अंड्यांवर बसतात. यादीत टिटवीची खूण एकदाच होते. हे ओलं पोट पाहायला मात्र त्याच काठावर पुन्हा पुन्हा जावं लागतं.

वर्षभरात वहीतून ऋतूंची चाहूल लागते. पावसाच्या तोंडावर चातकाची पहिली हाक, पाऊस ओसरल्यावर काठावर शेपूट हलवणारा धोबी, ज्वारी हुरड्याला आली की कणसांवर उतरणाऱ्या भोरड्या आणि संध्याकाळी त्यांचे वळसे घेणारे थवे. अशी वही असणाऱ्याला दुर्मिळ पक्षीही लवकर सापडतो, कारण रोजचे माहीत असले की अनोळखी पक्षी लगेच डोळ्यांत भरतो. सोलापुरात जन्मलेल्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि सालिम अलींचा 12 नोव्हेंबर. त्या दरम्यान राज्यात पक्षी सप्ताह असतो. वही सुरू करायला तो काळ उत्तम, कारण पाहुणे पक्षी नुकतेच आलेले असतात.

नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायच्या असतील तर दिसलेले आणि ओळखलेले सगळे पक्षी टाका, चिमण्या, कावळे, साळुंक्यांच्या संख्येसह. फक्त खास पक्षी टाकले, तर उद्या चिमण्या कमी झाल्या तरी त्या नोंदींतून कुणालाच कळणार नाही.

फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणं मात्र दोघांनीही टाळावं. नराला वाटतं हद्दीत दुसरा शिरला, आणि खाणं सोडून तो तिथेच झुंजत राहतो. माळावर गाडी घालणं तर नकोच, चाकाखाली अंडी दिसत नाहीत.

आणि उन्हाळ्यात माळावर टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, तर अंडी शोधायला पुढे जाऊ नका. आल्या पावलांच्या खुणांवरून मागे फिरा, कारण ती उठलेली असताना अंडी उन्हात भाजतात. शंभरेक पावलांवर बाभळीच्या सावलीला बसा आणि दुर्बीण लावून ठेवा. ओरडणं थांबेल, ती जमिनीवर उतरेल, थोडी पळेल, थांबेल, आणि मग खड्यांमध्ये कुठे बसते ते तिथूनच दिसेल.