पेशी मोकळ्या सोडायच्या की पाकिटात बंद करायच्या?

टाइप १ मधुमेहावर पेशी बसवण्याची बातमी आली की पहिला प्रश्न येतो, हे सुरक्षित आहे का? याला एकच उत्तर देता येत नाही, कारण ‘पेशी बसवणं’ या नावाखाली दोन वेगळे उपचार येतात आणि त्यांचे धोके वेगवेगळ्या जागी आहेत.

पहिल्यात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मोकळ्याच सोडतात. यकृताकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेत बारीक नळी घालून त्या सलाइनसारख्या हळूहळू आत जातात, यकृतात अडकतात आणि तिथेच रुजतात. कॅनडातल्या एडमंटनमध्ये जेम्स शापिरो यांच्या गटाने २००० साली सात रुग्णांचं इन्सुलिन असं बंद करून दाखवलं. त्या पेशी मृत दात्यांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या होत्या. आता व्हर्टेक्स ही अमेरिकी कंपनी तशाच पेशी मूलपेशींपासून (स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनवता येतात) प्रयोगशाळेत वाढवते. झिमिस्लेसेल हे त्या उपचाराचं नाव. जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जणांना वर्षभरानंतर बाहेरून इन्सुलिन घ्यावं लागत नव्हतं.

याच चाचणीत दोन मृत्यूही झाले, आणि बातमी सांगताना ते गाळू नयेत असं मला मनापासून वाटतं. एकाचा आधीपासून असलेला मेंदूचा विकार बळावला. दुसऱ्याला क्रिप्टोकॉकस या बुरशीमुळे मेंदूज्वर झाला. ही बुरशी सहसा प्रतिकारशक्ती खचलेल्या माणसालाच गाठते, आणि मोकळ्या पेशी टिकवायच्या तर प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवावीच लागते. नाहीतर शरीर त्यांच्यावर दोनदा तुटून पडतं: परक्या म्हणून, आणि ज्या आजारात प्रतिकारशक्तीनेच मूळच्या पेशी मारल्या तो आजार अजून असतोच म्हणून. यातलं टॅक्रोलिमस हे औषध मूत्रपिंडाला त्रासदायक आहे, आणि मधुमेही माणसाला मूत्रपिंडाचीच तर काळजी असते. शिवाय यकृतात विखुरलेल्या पेशी परत काढता येत नाहीत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत एखादी अपक्व मूलपेशी राहून गेली तर तिची गाठ होऊ शकते, म्हणून पेशी देण्याआधी त्यांची कसून तपासणी करावी लागते.

दुसऱ्या प्रकारात पेशी एका चपट्या पाकिटात बंद करून शरीरात ठेवतात. पाकिटाच्या पडद्याची छिद्रं इतकी बारीक की साखर, प्राणवायू आणि इन्सुलिन ये-जा करतील, पण हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी बाहेरच राहतील. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं नकोत, आणि काही बिघडलं तर पाकीट काढून घेता येतं. ऐकायला ही दुसरी वाट सरळ सुरक्षित वाटते.

पण शरीर काट्याभोवती जसं कठीण आवरण धरतं तसं या पाकिटाभोवतीही धरतं. स्वादुपिंडातल्या या पेशींच्या बेटांना, म्हणजे पुंजक्यांना, आतून रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. पाकिटात ते नाही. आवरण जाड झालं की आतल्या पेशी प्राणवायूविना गुदमरतात. सॅन डिएगोच्या वायासाइट कंपनीने २०१४ पासून माणसांवर पाकीट वापरून पाहिलं आणि याच अडचणीत सापडली. पुढे तिने पाकिटाला मोठी छिद्रं पाडली, म्हणजे रक्तवाहिन्या आत शिरतील. तेव्हा पांढऱ्या पेशीही शिरल्या आणि दाबणारी औषधं परत आली. व्हर्टेक्सनेही व्हीएक्स-२६४ हे स्वतःचं पाकीट माणसांत बसवलं. मार्च २०२५ मध्ये तो प्रयोग थांबवला. रुग्णांना फारसा त्रास नव्हता, पण रक्तातलं सी-पेप्टाइड, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन बनवतंय याची खूण, उपयोगी पडेल इतकं वाढलंच नाही.

म्हणून ‘पाकीट सुरक्षित आहे’ हे वाक्य मला अपुरं वाटतं. सुरक्षित आहे, पण आजवर पुरेसं काम करत नाही. मोकळ्या पेशी काम करतात, आणि त्याची किंमत रोजच्या गोळ्यांत मोजावी लागते. ज्याला साखर उतरतेय हे कळतच नाही आणि जो झोपेत बेशुद्ध पडतो, त्याला ती किंमत परवडेल. झिमिस्लेसेलची चाचणी अशाच रुग्णांवर झाली. इन्सुलिनच्या पेन किंवा पंपावर नीट सांभाळलेल्या शाळकरी मुलाला ती आज द्यायला लावू नये, असं मी ठामपणे म्हणेन.

आपल्याकडे काही क्लिनिक मधुमेहासाठी ‘स्टेम सेल’ची इंजेक्शनं देऊ करतात. ती या दोन्हींत बसत नाहीत. भारताच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मधुमेहावर मूलपेशी फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

स्वीडनमध्ये उप्पसालाच्या डॉक्टरांनी तिसरीच वाट धरली आहे: पेशींच्या जनुकांत बदल करून त्या शरीराला परक्या वाटूच नयेत असं करायचं. एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत अशा पेशी टोचल्या. पाकीट नाही, दाबणारी औषधं नाहीत. १२ आठवड्यांनंतरही त्या जिवंत होत्या आणि इन्सुलिन बनवत होत्या. मात्रा मुद्दामच थोडी ठेवली होती, त्यामुळे त्या रुग्णाचं रोजचं इंजेक्शन मात्र सुटलेलं नाही.