बिडीच्या बुकातली वाढ

निपाणीला मावशीकडं गेलं की तिच्या मांडीवर सूप असणार, हे ठरलेलं. भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं फर्म्याच्या मापानं आधीच कापून ठेवलेली. एक पान उचलायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांनी पीळ द्यायचा, दोऱ्याचे वेढे, टोकाची घडी. हे सगळं माझ्याशी बोलत बोलत, हाताकडं न बघता. (त्या तंबाखूच्या धुळीनं तिची छाती भरून येते, तो वेगळा आणि जास्त गंभीर विषय आहे. इथं मी तिच्या हातांबद्दल बोलतेय.)

गेल्या दिवाळीत तिची ट्रंक आवरताना जुनं बिडीचं बुक सापडलं, रोज माल दिल्यावर संख्या चढवतात ते. पहिल्या पानांवर दीडशे, एकशे ऐंशी, दोनशे. शेजारी छाट गेलेल्या, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या, बिड्यांचे आकडे. वर्ष संपताना सातशेच्या आसपास. पाच वर्षांनंतरच्या बुकात हजार, आणि छाटीचा रकाना बहुतेक कोरा. मावशी ते पहिलं पान बराच वेळ बघत बसली. म्हणाली, "एवढी हळू हुते व्हय गं मी?"

तिला आठवतच नव्हतं. आपण वाढलो हे माणसाला सहसा आठवत नाही, आणि त्याला कारणं आहेत.

१९५९ साली एडवर्ड क्रॉसमन या संशोधकानं यंत्रावर सिगार तयार करणाऱ्या कामगारांचे आकडे मांडले. नव्या कामगाराचा हात सुरुवातीला भराभर वळतो, मग सुधारणा मंदावते, इथवर सगळ्यांनाच माहीत होतं. पण लाखो सिगार करून झाल्यावरही, सुमारे दोन वर्षांपर्यंत, प्रत्येक सिगारला लागणारा वेळ किंचित किंचित कमी होतच होता. थांबला तो यंत्राचा वेग आडवा आला म्हणून. अशा आकड्यांमध्ये एक ठरावीक घडण दिसते. दर वेळी सराव दुप्पट झाला की लागणारा वेळ साधारण तेवढ्याच टक्क्यांनी घटतो. म्हणजे पहिल्या हजारानंतर जी सुधारणा पुढच्या हजारात होते, तेवढीच सुधारणा दहा लाखांनंतर हवी असेल तर आणखी दहा लाख करावे लागतात. वाढ चालूच असते, फक्त तिची पावलं लांब लांब पडत जातात.

त्यात आपली इंद्रियं असा फरक टिपायला बनलेली नाहीत. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञानं १८३४ मध्ये दाखवून दिलं की वजनातला फरक हाताला कळायचा तर तो मूळ वजनाच्या ठरावीक प्रमाणात असावा लागतो. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅम टाकले तर तळहाताला कळतात. पाच किलोच्या पिशवीत तेच दहा ग्रॅम टाका, काही कळत नाही. मला वाटतं कौशल्याचंही असंच होत असावं. जितकं येत असतं, तितकी रोजची भर हाताला लागेनाशी होते.

कधी कधी तर आकडासुद्धा हलत नाही. हे मी कन्नड वाचायला शिकताना अनुभवलं. खानापूरला शाळेत कन्नड एक विषय म्हणून होतं, नंतर सगळं विसरले. नोकरीनिमित्त रोज बेळगावला येऊ लागले तेव्हा बसस्थानकावर पाटी वाचून दाखवायला शेजारच्याला विनवावं लागायचं, ते मनाला लागलं आणि पुन्हा बसले. मूळाक्षरं आठवडाभरात परत आली. क, ख, ग हा क्रम आपलाच, आणि शिवाय विसरलेलं सहसा पूर्ण पुसलं जात नाही. हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून हे मोजलं होतं: विसरलेली यादी दुसऱ्यांदा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. तो वाचलेला वेळ म्हणजेच आत शिल्लक राहिलेली शिकवण.

त्यानंतर मात्र दोन महिने गाडी अडली. पाटीवरचं गावाचं नाव एकेक अक्षर लावूनच वाचता यायचं. गो, का, क, मग गोकाक. 'हुक्केरी'पाशी तर क-च्या खाली लोंबणारा दुसरा क दिसला की डोळे थांबायचे, आणि बस निघून जायची. एका सकाळी घाईत पळताना पाटीकडं नुसती नजर गेली आणि 'हुक्केरी' अख्खी दिसली. अक्षरं लावली नव्हती. अमेरिकेत ब्रायन आणि हार्टर यांनी १८९७ आणि १८९९ मध्ये तारायंत्र शिकणाऱ्यांचा अभ्यास केला होता. तार ऐकून घेण्याचा वेग कित्येक आठवडे एका जागी खिळायचा, मग एकदम चढायचा. त्यांचं म्हणणं असं की त्या सपाट काळात अक्षरांची सवय पक्की होत असते, आणि ती झाली की कान अख्खा शब्द पकडू लागतो. पुढच्या काळात सगळ्याच अभ्यासांत अशी सपाटी दिसली नाही, हेही सांगायला हवं. मला ती दिसली, आणि तेव्हा हे ठाऊक असतं तर त्या दोन महिन्यांत तीनदा पुस्तक फेकलं नसतं. आणि हो, कन्नड वाचता आल्यानं माझी मराठी तसूभरही कमी झालेली नाही.

"आता ह्या वयात काय शिकायचं?" हा प्रश्न मावशीचाच नाही. २०१३ मध्ये १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून अधिक लोकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गेल्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो, हे सगळ्या वयाचे लोक कबूल करत होते; पुढच्या दहा वर्षांत मात्र फारसे बदलणार नाही, असंही सांगत होते. विशीतलेही आणि साठीतलेही. मेंदू मात्र तसं मानत नाही. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना हवा असेल तर सुमारे २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात, त्याला तीन-चार वर्षं जातात. शिकायला बसलेल्या ७९ प्रौढांच्या मेंदूची छायाचित्रं आधी काढली, आणि काही वर्षांनी त्यांच्यातले जे परत आले त्यांची पुन्हा. जे ३९ पास झाले, त्यांच्या मेंदूतला जागा लक्षात ठेवणारा भाग वाढलेला दिसला. नापास झालेल्यांच्यात ती वाढ नव्हती.

सवय लागायला २१ दिवस पुरतात असं सर्रास सांगतात, त्यानं नुकसानच होतं. लंडनमध्येच ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवस निघाला. कुणाला १८ दिवस लागले, कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडलं नाही. बाविसाव्या दिवशी स्वतःला नालायक ठरवून सोडून देणाऱ्या कितीतरी जणांना हे आधीच कळायला हवं होतं.

म्हणून मी आता वहीत आकडे लिहिते. आज मन कसं होतं ते नाही; दहा मिनिटांत किती ओळी वाचल्या, किती अडले, तारीख. महिन्यातून एकदा कन्नड वाचताना मोबाईलवर आवाज टिपून ठेवते आणि सहा महिन्यांनी ऐकते. पाच किलोच्या पिशवीतले दहा ग्रॅम असेच सापडतात.

दिवाळीनंतर मावशीनं मला बसस्थानकावरच्या पाट्या कागदावर काढून द्यायला सांगितल्या. सूप बाजूला ठेवून तिनं चष्मा लावला. त्या जुन्या बुकाची शेवटची पानं कोरी होती. तिथं तिनं आधी तारीख घातली, मग नेहमीच्या रकान्यात पहिला आकडा लिहिला: सहा अक्षरं. शेजारी, छाट: दोन.