सह्याद्री : भूविज्ञान व पर्यावरणविषयक संशोधन

तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किमी. पसरलेल्या पश्चिम घाटाच्या उत्तर भागास सह्याद्री म्हणण्याचा महाराष्ट्रात प्रघात आहे. दक्षिणेकडील घाट नाइस व चार्नोकाइट या अतिप्राचीन, उष्णता व दाबाने रूपांतर झालेल्या खडकांचा आहे, तर सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याच्या थरांचा. कळसूबाई (१,६४६ मी.) हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखरही याच बेसाल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाचे. येथील संशोधनाची मूळ अडचण म्हणजे खडकांचे साम्य. कसाऱ्याच्या थळ घाटातला काळा कातळ आणि महाबळेश्वर-पोलादपूर रस्त्यावरच्या अंबेनळी घाटातला कातळ शेजारी ठेवले, तर अनुभवी डोळ्यालाही ते वेगळे सांगणे कठीण जाते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने प्रवाहांच्या रूपावरून, म्हणजे ते पाहोएहो (गुळगुळीत पृष्ठभागाचे) की आआ (खडबडीत, तुकड्यातुकड्यांचे) प्रकारचे यावरून, थरांचे गट पाडले. नकाशे करताना ही पद्धत सोयीची ठरते, पण तेच रूप खालीवर पुनःपुन्हा येत असल्याने दूरचे थर जुळवताना ती अपुरी पडते. १९८०च्या दशकात रासायनिक घटकांवर आधारलेली मांडणी पुढे आली. तीत खालून वर कळसूबाई, लोणावळा व वाई असे तीन उपगट आहेत. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी व भीमाशंकर हे शैलसमूह, म्हणजे सारख्या गुणांच्या प्रवाहांचे गट, पहिल्यात. खंडाळा व बुशे दुसऱ्यात. पोलादपूर, अंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा व देसूर तिसऱ्यात. वर येताना लाव्ह्यात भूकवचाचा अंश किती मिसळला, हे स्ट्राँशियमच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंवरून, कळते. स्ट्राँशियम-८७ व ८६ यांचे गुणोत्तर जितके मोठे, तितकी मिसळ जास्त. अंबेनळीत ते ०.७०४च्या आसपास राहते, बुशेत ते ०.७१३च्या वर जाते. कळसूबाई उपगटात प्लॅजिओक्लेज या फिकट खनिजाचे मोठाले स्फटिक असलेले प्रवाह दिसतात. नुसत्या डोळ्यांनी ओळखता येणाऱ्या थोड्या खुणांपैकी ही एक.

उंची सारखी म्हणून थर तोच, असे गृहीत धरल्यास हमखास चूक होते. थरांना दक्षिणेकडे एक अंशाहूनही कमी उतार आहे. तो प्रत्यक्ष दिसत नाही, पण शे-दोनशे किमी. अंतरात तळचे शैलसमूह जमिनीखाली जातात आणि वरचे रस्त्याच्या पातळीला येतात. पनवेलजवळ थरांना आलेल्या वाकापाशी तर थर पश्चिमेकडे स्पष्ट कलतात, त्यामुळे कोकणातली उंची घाटमाथ्याशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो.

नमुने बहुधा घाटरस्त्यांच्या कापांतून घेतात, कारण तेथे थर सलग उघडे पडलेले असतात. प्रवाहाचा माथा सच्छिद्र असून त्याच्या पोकळ्यांत झिओलाइट व कॅल्साइट ही नंतर तयार झालेली खनिजे भरलेली असतात, म्हणून नमुना घट्ट मध्यभागातून घ्यावा, हवामानाने कुजलेली साल फोडून टाकावी आणि किलो-दोन किलो ताजा खडक ठेवावा. थर छेदून जाणारी डाइक (भेगेत थिजलेली उभी भिंत) प्रवाह समजून उचलली, तर पूर्ण स्तंभाचा, म्हणजे थरांच्या खालून वर लावलेल्या क्रमाचा, अर्थ बिघडतो. दळण्यासाठी टंगस्टन कार्बाइडचे भांडे वापरल्यास टंगस्टन, कोबाल्ट व टँटलम नमुन्यात उतरतात. या मूलद्रव्यांचे मापन हवे असल्यास अगेटचे (अकीक दगडाचे) भांडे घ्यावे लागते.

पुराचुंबकत्वासाठी, म्हणजे लाव्हा थिजताना खडकात नोंदली गेलेली चुंबकीय दिशा मोजण्यासाठी, सुमारे २५ मिमी. व्यासाचे गाभे, प्रत्येक प्रवाहातून सहा ते आठ, कापतात. बेसाल्टच्या स्वतःच्या चुंबकत्वाने होकायंत्र भरकटू शकते, त्यामुळे दिशा सूर्याच्या सावलीवरूनही पडताळतात (पावसाळ्यात हे काम बंदच). कड्याच्या टोकावरचे नमुने टाळलेले बरे, कारण वीज पडून तेथील मूळ चुंबकन पुसले गेलेले असते. वाई उपगटाचा मोठा भाग उलट ध्रुवतेचा, म्हणजे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आजच्या उलट असतानाचा, आहे आणि महाबळेश्वर शैलसमूहात ती पालटून आजच्यासारखी होते. दूरचे स्तंभ जुळवायला ही पालट फार उपयोगी पडते.

वय ठरवणे याहून अवघड. बेसाल्टमध्ये पोटॅशियम अत्यल्प असते आणि प्लॅजिओक्लेज जरा जरी बदललेले असले, तरी पोटॅशियमपासून बनून साचलेला आर्गॉन मोजण्याच्या पद्धतीचे उत्तर विश्वासार्ह राहत नाही. युरेनियमचे शिसे किती झाले हे मोजणाऱ्या युरेनियम-शिसे पद्धतीला झिर्कॉन हे खनिज लागते, ते बेसाल्टमध्ये सहसा मिळत नाही. म्हणून दोन प्रवाहांमधल्या तांबड्या मातीच्या थरांत पडलेल्या ज्वालामुखीय राखेतून ते शोधतात. त्या मातीत वाहून आलेले जुने कणही असतात. ते वेगळे न काढल्यास थराचे वय वाढून निघते. २०१९मध्ये या दोन पद्धतींचे निकाल एकाच वेळी प्रसिद्ध झाले. मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत आटोपला, यावर दोन्हींचे एकमत आहे. मात्र झिर्कॉनवरून उद्रेकाचे चार जोर दिसतात व त्यांतला एक डायनोसॉरांच्या विलोपाच्या किंचित आधीचा ठरतो, तर आर्गॉनवरून बहुतांश लाव्हा विलोपानंतरचा ठरतो. वाद केवळ यंत्रांच्या अचूकतेचा नाही. विलोपाची सीमा स्तंभात नेमकी कोठे आखायची, यावरही तो अवलंबून आहे.

जमिनीखालचा शोध कोयनेपुरता एकवटला आहे. कोयना धरणाचा शिवाजीसागर जलाशय १९६२पासून भरू लागला आणि ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे तेथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. तेव्हापासूनचे भूकंप साधारण २० × ३० किमी. एवढ्याच पट्ट्यात होत आहेत. पृष्ठभागावरच्या भूकंपमापकांना बेसाल्टच्या थरांमुळे अस्पष्ट नोंदी मिळत. त्यामुळे सुमारे दीड किमी. खोल विंधनछिद्रे घेऊन मापक बेसाल्टखालच्या ग्रॅनाइटी खडकात बसवले, तेव्हा केंद्रे अधिक नेमकी सापडू लागली. २०१७मध्ये ३ किमी. खोलीचे प्रायोगिक छिद्र पूर्ण झाले. त्यात सुमारे सव्वा किमी. बेसाल्ट लागला आणि खाली गाळाचा खडक न लागता थेट ग्रॅनाइट-नाइस आला.

पर्यावरणाच्या अभ्यासात प्रश्न मोजपट्टीचा असतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिमी. पाऊस पडतो, तर पूर्वेला तीसेक किमी.वरच्या वाईला हजारही नाही. विरळ पर्जन्यमापकांची सरासरी त्यामुळे घाटात फसवी ठरते. शिवाय कड्यावरच्या वाऱ्याने थेंब मापकाबाहेर जाऊन नोंद कमी येते. भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१२मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या भौतिकीची प्रयोगशाळा उभारली, ती प्रत्यक्ष ढगात शिरून मापन करता यावे म्हणूनच.

पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र ठरवतानाही मोजपट्टीचा हाच प्रश्न आला. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने (२०११) संपूर्ण पश्चिम घाटाचे सुमारे ९ किमी. बाजूचे चौकोन पाडून प्रत्येकास गुण दिले व तीन श्रेणी सुचवल्या. कस्तुरीरंगन कार्यगटाने (२०१३) २४ मी. विभेदनाच्या (एक ठिपका २४ मी. बाजूचा) उपग्रहचित्रांवरून नैसर्गिक व मानवनिर्मित भूदृश्ये वेगळी केली आणि सुमारे ३७ टक्के क्षेत्र संवेदनशील ठरवले. चौकोन मोठा असला की गाव व जंगल एकाच गुणात येतात. उपग्रहचित्राला मात्र शेतीत मिसळलेली देवराई सहज निसटते.

साताऱ्याजवळच्या कासपठारासारख्या जांभ्याच्या सड्यांचे (उघड्या सपाट खडकांचे) वर्गीकरण तर बहुतेक वेळा चुकते. ढगांमुळे पावसाळी चित्रे निरुपयोगी ठरतात आणि कोरड्या महिन्यांतल्या चित्रात सडा ओसाड खडक दिसतो. तेथील युट्रिक्युलॅरिया, एरिओकॉलॉन यांसारख्या लहान पावसाळी वनस्पती मात्र मातीच्या पातळ थरात आणि उथळ डबक्यांत काही आठवड्यांतच उगवून, फुलून संपतात. सड्याचे सर्वेक्षण जूनअखेर ते ऑक्टोबर या काळात, त्याच चौकटींत दर पंधरवड्याला केले तरच यादी पुरी होते. नुसत्या सप्टेंबरातल्या भेटीत पावसाच्या सुरुवातीच्या कंदवर्गीय वनस्पती निसटतात.