गाळा भाड्याने घेताना: करार, कागदपत्रे आणि नोंदणी

गाळा पसंत पडला की डिपॉझिट देऊन लगेच फर्निचर लावायची घाई होते. त्याआधी गाळा कोणाच्या नावावर आहे ते कागदावर पाहा. शहरात मिळकत पत्रिका आणि चालू वर्षाची घरपट्टी पावती, खेड्यात ग्रामपंचायतीचा नमुना 8. वडिलोपार्जित गाळ्यावर तीन भावांची नावे असतील तर तिघांच्या सह्या घ्या, नाहीतर बाकीच्यांच्या वतीने सही करण्याचा अधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र मागा. एकाच भावाने केलेला करार दुसरा भाऊ दारात येऊन अडवतो, तेव्हा माल आत अडकलेला असतो.

हायवेलगत शेतात बांधलेले गाळे स्वस्त मिळतात. तिथे सातबारा पाहून जमीन बिगरशेती झाली आहे का ते तपासा. नंदुरबार जिल्ह्यात, तसेच साक्री, चोपडा, यावल भागात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. खातेदार आदिवासी असेल आणि तुम्ही बिगरआदिवासी असाल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय त्या जमिनीचा भाडेपट्टा होत नाही. तोंडी व्यवहारावर शटर बसवू नका.

आता करार. नोटरी केलेला स्टँपपेपर म्हणजे नोंदणी नव्हे, ही चूक सर्रास होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायच्या परवानगीचा करार) 60 महिन्यांपर्यंत असेल तर मुद्रांक शुल्क 0.25 टक्के लागते. उदाहरणार्थ, महिना 8,000 रुपये भाडे, 36 महिने, डिपॉझिट 50,000. भाडे झाले 2,88,000. डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी तीन वर्षांचे व्याज 15,000. एकूण 3,03,000 वर शुल्क साडेसातशेच्या थोडे वर, शंभराच्या पटीत 800. नोंदणी फी शहरी हद्दीत 1,000, ग्रामीण भागात 500. इतक्या थोड्या पैशांसाठी नोंदणी टाळणे परवडत नाही.

दोन्ही पक्षांचे आधार, पॅन, फोटो, मालकीचा कागद, वीजबिल आणि दोन साक्षीदार एवढे जमवा. नोंदणी दुय्यम निबंधकांकडे किंवा ऑनलाइन होते. ऑनलाइनला अंगठ्याचा ठसा आधारशी जुळावा लागतो. ठसे झिजलेल्या वयस्कर मालकांचे इथेच अडते, म्हणून आधी आधार अपडेट करून घ्या. करारात भाडेवाढीचा टक्का, नोटिशीचा काळ, डिपॉझिट परतीची मुदत आणि घरपट्टी कोण भरणार हे स्पष्ट लिहा.

मीटर घरगुती असेल तर महावितरणकडून व्यापारी करून घ्या. घरगुती मीटरवरच दुकान चालवले तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते.

वीसपेक्षा कमी कामगार असतील तर गुमास्ताची (दुकाने व आस्थापना कायद्याखालची) सूचना धंदा सुरू झाल्यापासून 60 दिवसांत ऑनलाइन द्या. पाटी मराठीत, देवनागरी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नकोत. जीएसटी नोंदणीला करार, वीजबिल लागते. वीजबिल मालकाच्या नावावर असते, म्हणून त्यांचे संमतीपत्र सोबत जोडा. तुम्ही जीएसटीत आणि मालक बाहेर असेल तर भाड्यावरचा 18 टक्के कर तुम्हालाच भरावा लागतो. कंपोझिशनवाल्यांना (उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांना) यातून सूट आहे.