पाण्याखालील ध्वनिसंदेशवहनातील व्यत्यय-निवारण

समुद्राच्या खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी लवकर विरतात. त्यामुळे पाणबुड्या, स्वयंचलित जलयाने आणि तळाशी ठेवलेली उपकरणे यांच्याशी लांबून संपर्क साधायचा तर ध्वनीचाच आधार घ्यावा लागतो. या ध्वनिसंकेतांत वाटेत होणारी सरमिसळ कमी करण्याच्या तंत्रांना व्यत्यय-निवारण म्हणतात. व्यत्यय म्हटला की जहाजांचा गोंगाट आठवतो. पण उथळ पाण्यात खरी डोकेदुखी बहुधा संकेताच्या स्वतःच्याच प्रतिध्वनींची असते.

समजा, पाणी १०० मीटर खोल आहे आणि प्रेषक व ग्राहक (संकेत पाठवणारे आणि पकडणारे यंत्र) निम्म्या खोलीवर, एकमेकांपासून १ किलोमीटरवर आहेत. पृष्ठभागावर किंवा तळावर एकदा आपटून येणारा ध्वनी सरळ येणाऱ्यापेक्षा सुमारे ५ मीटर जास्त अंतर कापतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे तो ३.३ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. सेकंदाला ५,००० चिन्हे (माहिती वाहणारे ध्वनीचे छोटे तुकडे) पाठवली, तर तेवढ्या वेळात पुढची सोळा-सतरा चिन्हे येऊन गेलेली असतात. दोनदा आपटलेला ध्वनी साठाहून अधिक चिन्हे मागे पडतो. इथे संकेताचा जोर वाढवून काहीच साधत नाही. प्रतिध्वनीही तितकाच वाढतो.

जुना उपाय म्हणजे सावकाश बोलणे आणि दर चिन्हागणिक वारंवारता बदलणे, म्हणजे मागचा प्रतिध्वनी विरेपर्यंत ती वारंवारता रिकामी राहते. नाटोने २०१७ मध्ये स्वीकारलेले ‘जेनस’ हे मानक याच तत्त्वावर चालते. त्याचा वेग सेकंदाला जेमतेम ८० बिट आहे. वेग हवा असेल तर प्रतिध्वनी टाळण्याऐवजी ओळखून वजा करावे लागतात. मिलिका स्तोयानोविच, जोसिप कॅटिपोविच आणि जॉन प्रोकिस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्राहकरचनेत आधी ओळखलेल्या चिन्हांवरून प्रतिध्वनींचा अंदाज बांधला जातो आणि त्याच वेळी संकेताची सरकणारी कलाही (फेज, म्हणजे लहर आपल्या आवर्तनात कुठवर आली आहे ते) पकडून ठेवली जाते. ही दुसरी गोष्ट महत्त्वाची, कारण पाण्यात डॉप्लर परिणाम, म्हणजे हालचालीमुळे लहरींच्या वारंवारतेत पडणारा फरक, फार मोठा असतो. यान सेकंदाला केवळ दीड मीटरने सरकले, तरी वरच्या उदाहरणात सेकंदाला पाच चिन्हांचा फरक पडतो. एकाऐवजी अनेक हायड्रोफोन (पाण्याखालचे मायक्रोफोन) लावल्यास दिशेनुसारही प्रतिध्वनी वेगळे काढता येतात.

बाहेरच्या गोंगाटाचे वेगळेच. जहाजांचा आवाज मुख्यतः काहीशे हर्ट्झच्या खाली असतो, त्यामुळे काही किलोहर्ट्झवर काम केले की तो बराच टळतो. मात्र वारंवारता वाढवावी तसे पाणी ध्वनी अधिक शोषते: १० किलोहर्ट्झला किलोमीटरमागे सुमारे १ डेसिबल, तर १०० किलोहर्ट्झला ३० डेसिबलहून जास्त. उष्ण, उथळ समुद्रात नांगी फटकन मिटणाऱ्या कोळंब्यांची भर पडते. नांगीतून उडालेल्या पाण्यामुळे बनलेला बुडबुडा फुटतो आणि तीव्र कडाका होतो. असे क्षणिक, उंच आवाज नेहमीच्या सरासरी गोंगाटाच्या हिशेबात बसत नाहीत. म्हणून ग्राहक ठराविक मर्यादेपलीकडचे नमुने छाटतो किंवा शून्य धरतो, आणि गाळलेले बिट त्रुटिसुधारक संकेतावलीने, म्हणजे संदेशासोबत मुद्दाम पाठवलेल्या जादा बिटांच्या आधारे, भरून काढतो.

उभ्या दिशेचा संपर्क त्या मानाने सोपा. बंगालच्या उपसागरातील आणि अरबी समुद्रातील त्सुनामी-सूचक यंत्रणेत तळावरचा दाबमापक आपली नोंद ध्वनीद्वारे वरच्या तरंगत्या बोयाला कळवतो. तिथे आडव्या मार्गासारखी पृष्ठभाग आणि तळ यांमधली वारंवार आदळआपट नसते.