प्रणयचुंबन

प्रणयचुंबन : दोन व्यक्तींनी प्रेमाने किंवा कामेच्छेने एकमेकांच्या ओठांना ओठ भिडवण्याची क्रिया. बोलीत मुका, पापी. आईने लेकराचा घेतलेला पापा किंवा श्रद्धेने पवित्र वस्तूला लावलेले ओठ हा निराळा विषय आहे; त्याचा विचार या नोंदीत केलेला नाही. चुंबनाच्या अभ्यासाला फिलेमॅटॉलॉजी असे भारदस्त नाव असले, तरी प्रत्यक्षात हे काम मानसशास्त्र, मानवशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र यांच्या हद्दींवर विखुरलेले आहे. त्यातले बहुतेक प्रयोग युरोप-अमेरिकेतल्या विद्यापीठांत, तिथल्याच विद्यार्थ्यांवर झाले. त्यांचे निष्कर्ष नागपूरसारख्या शहराला, जिथे कित्येक लग्ने अजूनही चहा-पोह्यांवर ठरतात, कितपत लागू पडतात, हे इथे तपासले आहे.

ओठ आणि मेंदू

ओठांचा तांबडा भाग हा चेहऱ्याची त्वचा आणि तोंडाचे ओलसर अस्तर यांच्या सीमेवरचा पट्टा. त्याचा वरचा थर फार पातळ असल्याने खालच्या केशवाहिन्यांतल्या रक्ताचा रंग बाहेर दिसतो. इथे घामाच्या ग्रंथी नसतात, केसही नसतात. म्हणून मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे गेला, की चेहऱ्यावर सगळ्यांत आधी ओठ फुटतात.

स्पर्श टिपणाऱ्या चेतांची टोके ओठांत दाटीने असतात. तो स्पर्श पाचव्या मस्तिष्क चेतेमार्फत मेंदूत जातो. ओठांचा चंबू करणाऱ्या वर्तुळाकार स्नायूला हुकूम मिळतो तो सातव्या चेतेकडून. कॅनडातले मेंदूशल्यचिकित्सक वाइल्डर पेनफिल्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य विद्युत्‌स्पर्श करून, शरीराचा कोणता भाग मेंदूत कुठे नोंदला जातो, याचा नकाशा १९३७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ओठ आणि जीभ यांच्या वाट्याला अख्ख्या धडापेक्षा जास्त जागा आली आहे. पाठीवर ठेवलेला हात आणि ओठांवर टेकलेले ओठ यांच्या अनुभवात एवढे अंतर का, याचे निम्मे उत्तर या नकाशात सापडते.

चुंबन घेताना डोळे मिटतात, त्याचे कारण म्हणून लंडनमधल्या पॉली डाल्टन आणि सँड्रा मर्फी यांच्या २०१६ च्या प्रयोगाकडे बोट दाखवले जाते. डोळ्यांवर कामाचा ताण वाढला, की हाताला झालेला हलका स्पर्श माणसाच्या लक्षात येत नाही, असे त्यांना आढळले. या प्रयोगात चुंबन कुठेच नव्हते, सहभागी लोक पडद्यावर अक्षरे शोधत होते. चुंबनाशी त्याची सांगड वर्तमानपत्रांनी घातली. अनुमान वावगे नाही, पण पुरावा म्हणून ते पुढे करू नये.

शरीर मनाआधी बोलून जाते, हे मात्र आपल्याकडे प्रयोगशाळा निघण्याच्या फार आधी टिपलेले आहे. सातवाहनकाळाशी जोडल्या जाणाऱ्या, महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘गाथासप्तशती’त एक नवरा रुसून झोपेचे सोंग घेऊन पडला आहे. बायको गालाचा मुका घेते आणि त्याच्या अंगावर काटा येतो. सोंग उघडे पडते. ती म्हणते, आता सरक, मला जागा दे, पुन्हा उशीर करणार नाही. हा काटा अनुकंपी चेतासंस्थेचे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या चेतांच्या एका जाळ्याचे काम. केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू या संस्थेच्या हुकमाने आकसतात आणि त्यांच्यावर इच्छेचा ताबा चालत नाही. छातीची धडधड वाढते तीही याच संस्थेमुळे.

संप्रेरकांबद्दल लोकप्रिय लेखांत फार मोठे दावे असतात. अमेरिकेतल्या लाफायेत महाविद्यालयातल्या वेंडी हिल यांनी जोडप्यांची चुंबनाआधी आणि नंतर रक्त व लाळ तपासली, तेव्हा ताणाशी निगडित असलेले कॉर्टिसॉल दोघांतही उतरले. जवळिकीचे म्हणून गाजलेले ऑक्सिटोसिन मात्र पुरुषांत वाढले आणि स्त्रियांत घटले, म्हणजे अपेक्षेच्या अगदी उलट. जोडपी मोजकी होती आणि जागा विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रातली. तिथे कोणाला प्रेमाचा उमाळा यावा, अशी हिल यांचीही अपेक्षा नसावी.

वास, चव आणि खर्रा

ओठ भिडतात तेव्हा दोघांची नाके एकमेकांच्या श्वासात असतात. आकर्षणाचा मोठा भाग इथे ठरतो. स्वित्झर्लंडमधल्या क्लाउस वेडेकिंड यांनी १९९५ मध्ये पुरुषांनी दोन रात्री घातलेले बनियन-टीशर्ट स्त्रियांना हुंगायला दिले. रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित जनुके आपल्यापेक्षा वेगळी असलेल्या पुरुषांचा वास स्त्रियांना जास्त आवडला; गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत हा कल उलटा दिसला. पुढच्या अभ्यासांत हा निष्कर्ष कधी टिकला, कधी टिकला नाही. माणसातल्या फेरोमोनबद्दल, म्हणजे सजातीयांच्या वर्तनावर परिणाम करणाऱ्या गंधद्रव्यांबद्दल, तर ठोस असे काहीच हाती नाही. ज्या नासिका-अवयवाने अनेक प्राणी असे गंध ओळखतात, तो प्रौढ माणसात निकामी असतो.

पण साध्या वासाचा प्रभाव नाकारता येत नाही. तोंडाची दुर्गंधी मुख्यतः जिभेच्या मागच्या भागावरचे जिवाणू तयार करत असलेल्या गंधकयुक्त वायूंची असते. दात घासताना जीभही स्वच्छ केली तर ती बरीच कमी होते. लसणाचे गणित वेगळे आहे. त्यातला एक गंधकयुक्त पदार्थ रक्तात उतरतो आणि कित्येक तास फुप्फुसांवाटे श्वासात येत राहतो, त्याला ब्रश किंवा बडीशेप पुरत नाही. सावजीचे जेवण दोघांनीही केले असेल, तर प्रश्न आपोआप मिटतो.

खर्ऱ्याचा मिटत नाही. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा नागपुरात आणि एकूण विदर्भात पानठेल्यांवर मिळतो. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, तरी खर्रा घोटणारे हात थांबले नाहीत. त्याचा वास आणि दातांवरचा डाग ही वरवरची बाब झाली. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे तोंडाच्या अस्तराखाली तंतू साचत जातात आणि सबम्युकस फायब्रोसिस होतो. आधी तिखटाने आग होते, मग गालाचे आतले अस्तर पांढरट आणि ताठ पडते, तोंड तीन बोटांऐवजी दोन, पुढे एकच बोट मावेल एवढे उघडते. ओठांपर्यंत हा ताठरपणा आला, की शीळ घालता येत नाही, गाल फुगवता येत नाहीत. शीळ आणि चुंबन या दोन्हींना लागणारा स्नायू एकच. खर्रा सोडल्यावर आजाराची वाढ मंदावू शकते, पण गेलेली लवचीकता सहसा पूर्ण परत येत नाही. शिवाय ही अवस्था मुखकर्करोगाची पूर्वपायरी मानली जाते. आकर्षणावरच्या पाश्चात्त्य ग्रंथांत या विषयाला एक ओळही मिळत नाही. नागपुरात मात्र तरुण जोडप्याच्या जवळिकीत संप्रेरकांपेक्षा खर्ऱ्याचा अडसर मोठा ठरू शकतो. तोंड कमी उघडत असेल, तर मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात तपासणी होते.

पारख की टिकवण

चुंबनाने आकर्षण वाढते की पारखले जाते, हा या क्षेत्रातला मुख्य वाद. सुझन ह्यूज, मारिसा हॅरिसन आणि गॉर्डन गॅलप यांनी २००७ मध्ये १,०४१ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पाहणीवरचा निबंध प्रसिद्ध केला. चुंबनाशिवाय शरीरसंबंधाला तयार होण्याचे प्रमाण स्त्रियांत कमी होते. समोरच्याचा श्वास, चव, दात यांवरून मत बनवण्याकडे आणि नाते कुठवर आले, हे चुंबनावरून जोखण्याकडे त्यांचा कल जास्त होता. ओले, जिभेचे चुंबन पुरुषांना अधिक पसंत पडले. लाळेतून पोचणाऱ्या टेस्टोस्टेरॉनने स्त्रीची इच्छा वाढत असावी, हा त्यावरचा तर्क अजून तर्कच आहे. पहिल्या चुंबनानंतर एखाद्यावरचे मन उडाल्याचा अनुभव मात्र निम्म्याहून अधिक स्त्रियांनी आणि पुरुषांनीही सांगितला.

ऑक्सफर्डचे राफाएल व्लोदार्स्की आणि रॉबिन डनबार यांनी २०१३ मध्ये तीन शक्यता पडताळल्या : जोडीदाराची पारख, कामोत्तेजन आणि नाते टिकवणे. नऊशेहून अधिक लोकांच्या उत्तरांतून पहिल्या आणि तिसऱ्या शक्यतेला आधार मिळाला; उत्तेजन हेच मुख्य प्रयोजन, या समजुतीला फारसा मिळाला नाही. दीर्घकाळच्या नात्यातल्या समाधानाचा संबंध चुंबने किती वेळा होतात याच्याशी दिसला, शरीरसंबंध किती वेळा याच्याशी नाही.

पारखीचा सिद्धान्त असे धरून चालतो, की चुंबन आधी आणि निवड नंतर. ठरवून केलेल्या लग्नात क्रम फिरतो. बायोडेटा, पत्रिका, मुलगी पाहायला येणारी मंडळी, पसंती, साक्षगंध, सगळे उरकल्यावर ओठांची पाळी येते. तोवर नापसंतीची मुभा संपलेली असते. अशा ठिकाणी चुंबनाकडे परीक्षा म्हणून पाहण्यात अर्थ उरत नाही. अनोळखी माणसाशी ओळख करून घेण्याचे आणि ओळख झाल्यावर ती टिकवण्याचे काम ते करते, आणि डनबार यांची तिसरी शक्यता इथे अधिक चपखल बसते. कॉलेजात, ऑफिसात जुळलेल्या जोड्यांची संख्या शहरात आहेच आणि त्यांना पारखीचा सिद्धान्त जसाच्या तसा लावता येईल. पण एकच निष्कर्ष दोघांवर चिकटवणे, ही लोकप्रिय विज्ञानलेखनाची जुनी खोड आहे.

मान कोणीकडे

जर्मनीतले ओनूर ग्युंत्युर्क्युन यांनी विमानतळ, रेल्वेस्थानके आणि बागांत चुंबन घेणारी १२४ जोडपी जर्मनी, अमेरिका आणि तुर्कस्तानात मोजली. त्यांपैकी ८० जोडप्यांनी मान उजवीकडे कलवली (२००३). गर्भातल्या शेवटच्या आठवड्यांत आणि जन्मानंतर काही महिने बाळ डोके उजवीकडे वळवते, ती सवय आयुष्यभर राहत असावी, असे त्यांनी सुचवले.

ही मोजणी नागपुरात करायला गेलेला संशोधक रिकाम्या वहीने परतेल. फुटाळ्याच्या काठावर, अंबाझरीला, सेमिनरी हिल्सच्या झाडांखाली जोडपी बसतात. मुलीच्या चेहऱ्यावरचा स्कार्फ उन्हासाठी जितका, तितकाच ओळखीच्या काकांसाठी. सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल असे अश्लील कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली येते आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. चुंबन अश्लील की नाही, हे कायद्यात लिहिलेले नाही. विवाहित तरुण जोडप्याने केलेली प्रेमाची अभिव्यक्ती या गुन्ह्यात बसत नाही, असे मत दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये नोंदवले होते. बागेतल्या शिट्टीवाल्यापर्यंत ते पोचलेले नाही.

ही अडचण बांगलादेशातल्या अभ्यासकांनी हुशारीने सोडवली (२०१७). त्यांनी विवाहित जोडप्यांना घरीच चुंबन घ्यायला सांगितले आणि मग नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून प्रश्नावली भरून घेतली. पुढाकार बहुतांशी नवऱ्याचा निघाला, मान दोन-तृतीयांशांहून अधिक वेळा उजवीकडे कलली, आणि दुसऱ्याने पहिल्याच्या कलाला साथ दिली. विदर्भात असा अभ्यास करायचा, तर हीच पद्धत योग्य ठरेल.

उगम आणि प्रसार

चुंबन जगात सगळीकडे असते, ही समजूत खरी नाही. विल्यम जान्कोविआक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १६८ संस्कृतींची माहिती चाळली, तेव्हा त्यांपैकी ४६ टक्क्यांतच प्रणयचुंबन आढळले. समाजात थर जितके जास्त, तितके ते आढळण्याची शक्यता जास्त. दुसरीकडे चिंपांझी भांडणानंतर तोंडाला तोंड लावून समेट करतात आणि त्यांचे जवळचे नातलग असलेले बोनोबो वानर जिभेचाही वापर करतात. वानरकुळाच्या वंशवृक्षावरून केलेल्या २०२५ च्या एका विश्लेषणाने या वर्तनाचा उगम सुमारे २ कोटी वर्षांमागे नेला आहे. लेखी पुरावे अर्थातच अलीकडचे. मेसोपोटेमियाच्या मातीच्या पाट्यांवर सुमारे इ. स. पू. २५०० पासूनचे उल्लेख मिळतात.

देशोदेशीचा हा फरक वात्स्यायनाला ठाऊक होता. ‘कामसूत्रा’त उत्तर भारतातल्या मध्यदेशातल्या स्त्रियांना चुंबन, नखक्षते आणि दंतक्षते आवडत नाहीत, तर माळव्यातल्या स्त्रियांना चुंबन प्रिय, असे तो नोंदवतो. विदर्भ आणि वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम, यांची नावेही ग्रंथात आहेत, पण ती राजांच्या अंतःपुरातल्या चालींच्या संदर्भात. इथल्या चुंबनाबद्दल तो काही सांगत नाही. चुंबनाच्या प्रकारांत समोरासमोरच्या ‘सम’नंतर मान कलवून घेतलेले ‘तिर्यक्’ येते, मात्र कल कोणीकडे, हे मोजायचे त्याने पुढच्यांवर सोडले. खालचा ओठ आधी कोण पकडतो, अशी पैजही त्यात आहे. हरलेल्या नायिकेने रडवेले होऊन हात झटकावे, भांडावे आणि पुन्हा एकदा पैज लावू म्हणावे, असा सल्ला आहे. पारख आणि टिकवण या दोन खणांत हा खेळ बसवता येत नाही.

जंतू

नेदरलँड्समध्ये २१ जोडप्यांवर केलेल्या प्रयोगात (२०१४) दहा सेकंदांच्या घट्ट चुंबनातून सुमारे ८ कोटी जिवाणू इकडून तिकडे गेले. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी असतात. एपस्टीन-बार विषाणूचा ग्रंथिज्वर लाळेतून पसरतो, म्हणून त्याला चुंबनरोग असेही म्हणतात. ओठावर पाण्याने भरलेले बारीक फोड आले असतील तर ते बहुधा हर्पीसचे असतात. खपली पडून जागा पूर्ण बरी होईपर्यंत चुंबन टाळावे, आणि घरात तान्हे बाळ असेल तर त्याचा मुका तर अजिबात घेऊ नये, कारण नवजाताला हा संसर्ग जिवावर बेतू शकतो.